ढालीवरून ओळखा

फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात १८७५ साली ७२ आदिवासी कैदी आणले गेले. खटला नाहीच. त्यांत चेयेन सरदार मिनिमिक होता आणि त्याचा मुलगा हाउलिंग वुल्फही. १८७७ साली शिल्पकार क्लार्क मिल्स यानं कैद्यांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर थापून साचे घेतले, स्मिथसोनियन संस्थेसाठी. साच्यात डोळे मिटलेलेच असणार!

तिकडे मुलगा वह्यांत शिकार, लढाया, घोडे रंगवत होता. अशा वह्या पर्यटक दोनेक डॉलरना विकत नेत. या चित्रांत नाकडोळे जेमतेमच असतात. माणूस ओळखायचा तो ढालीवरून, पिसांच्या शिरपेचावरून, घोड्याच्या रंगावरून. म्हणजे किल्ल्यात येण्यापूर्वी त्याच्यापाशी जे होतं, त्यावरून. माझ्या लेखी हीच खरी व्यक्तिचित्रं.