गंज आणि गाडी

(द्वितीय वर्ष कला)

दिवाळी सरली की आपल्या महाविद्यालयासमोरच्या रस्त्याने सरपणाच्या गाड्या सुरू होतात. ऐन, किंजळ, म्हातारे काजू, ऑस्ट्रेलियन बाभूळ असे मालकीच्या जमिनीतले तोडीचे लाकूड भरून त्या आंबा घाट चढतात आणि घाटावरच्या वखारींत रिकाम्या होतात. तेथून ते लाकूड भट्ट्यांना, आचाऱ्यांना, स्मशानांना जाते. यांतल्या कित्येक गाड्यांचा मूळ रंग कोणता होता, हे आता मालकालाही सांगता यायचे नाही. वर्गातली मंडळी त्यांना सरसकट ‘भंगार’ म्हणतात. वास्तविक जुनी गाडी आणि भंगार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंमधली रेषा नेमकी कोठे आहे हे ओळखणे हाच या धंद्यातला मुख्य अभ्यास आहे. अशी एक गाडी आमच्या घरी आहे. माझी आणि धाकट्या भावाची फी तिच्याच भाड्यातून भरली जाते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

आमची गाडी टाटा १२१०, १९८९ सालची. या आकड्यांचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. पहिले दोन अंक म्हणजे भरलेल्या गाडीचे एकूण वजन, सुमारे १२ टन. पुढच्या दोन अंकांना दहाने गुणले की इंजिनाची ताकद मिळते, सुमारे १०० अश्वशक्ती. नाव ठेवण्याची ही रीत जर्मनीची. टेल्को कंपनीने १९५४ साली डायमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ साली संपला, पण आकड्यांची रीत मागे राहिली. इंजिनांचेही तसेच आहे. ‘६९२’ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ‘६९७’ म्हणजे सहा सिलिंडर आणि व्यास ९७. आमची गाडी दुरुस्त करणारे मेस्त्री चौथी शिकलेले आहेत, परंतु इंजिनाचा नंबर कानावर पडला की कोणता पिस्टन लागेल हे ते हातातला चहा खाली न ठेवता सांगतात.

बाहेरच्या माणसाला वाटते की जुनी गाडी मरते ती इंजिनाने. धूर ओकणारे, घाटात धापा टाकणारे इंजिन डोळ्यांना आणि कानांना जाणवते, म्हणून तसे वाटत असावे. मेस्त्रींचे मत नेमके उलट आहे. “इंजीन मरत नाही, ते बांधून मिळतं. चेसिस गेली की गाडी गेली,” असे ते म्हणतात. या जुन्या डिझेल इंजिनात विजेचे काम जवळजवळ नाहीच. ते एकदा सुरू झाले की बॅटरी काढून ठेवली तरी चालू राहते. बंद करायचे तर दोरी ओढून डिझेल तोडावे लागते. सेल्फ बिघडला तर गाडी उतारावर उभी करून ठेवायची, एवढाच उपाय. टाकीतले डिझेल अगदी संपत आले आणि पाइपात हवा शिरली की गाडी बंद पडते. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारत राहायचा आणि बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की बोल्ट आवळायचा. हे काम मी स्वतः केलेले आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत हे सारे संगणकाच्या हाती आहे. त्या गाड्या हवा कमी दूषित करतात, हे मान्यच केले पाहिजे. आमच्या गाडीच्या मागे दुचाकीवरून येणाऱ्या माणसापुढे तिची फार थोरवी गाण्यात अर्थ नाही. परंतु त्या बिघडल्या तर गावच्या मेस्त्रीला बॉनेट उघडून पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

आता गंजाकडे वळू. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत शिकवतात. पाण्यात मीठ असले की ही क्रिया झपाट्याने होते, आणि कोकणात खारा वारा व वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ही दोन्ही कारणे फुकट मिळतात. शाळेत एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणजे तो फुगतो. उघड्या पत्र्यावर फुगला तर खपली होऊन गळून पडतो. पण दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेटने जोडलेल्या असतील आणि त्यांच्या मध्ये पाणी शिरले, तर आतला गंज बाहेर पडायला वाट न सापडून पट्ट्यांनाच फाकवतो. चेसिसचे लांब गर्डर आणि त्यांना जोडणारे आडवे गर्डर असेच रिव्हेटने जोडलेले असतात. म्हणून दारावरचे हाताएवढे भोक पाहून मेस्त्री हसतात, आणि चेसिसवरचा सुपारीएवढा फुगवटा पाहून गप्प होतात.

परीक्षा कानाने होते. लहान हातोडीने चेसिस टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचे. निरोगी लोखंड खणखणते. आतून पोखरलेले बद्द वाजते. संशय आला तेथे टोच्याने खरवडायचे. खाली चकाकता धातू लागला तर तारेच्या ब्रशाने घासून, रेड ऑक्साइड मारून काम भागते. टोच्या आत गेला तर ठिगळ लावावे लागते, आणि तेथेही रीत आहे. ठिगळाची टोके सरळ उभी कापत नाहीत, तिरकी कापतात. उभ्या टोकाशी सगळा ताण एकाच रेषेवर येतो आणि गर्डर पुढेमागे त्याच रेषेवर तडकतो. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडायची आणि हौदा झाडून साफ करायचा, कारण फळ्यांच्या फटीत अडकलेली सुकी साल ठिणगीने पेट घेते. पाण्याची बादली आणि ओले पोते जवळ ठेवल्याशिवाय मेस्त्री कामाला हात लावीत नाहीत.

सरपणाच्या गाडीला गंज इतर गाड्यांपेक्षा लवकर का धरतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. वाळू आणि जांभ्याचे चिरे यांच्या मानाने लाकूड हा माल मऊच. कारण सापडले ते सालीत. ताज्या तोडीच्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. गाडी रिकामी झाली तरी सालीचा भुगा आणि माती हौद्याच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या बिजागरीत, गर्डरच्या कडांवर साचून राहते आणि ओल्या पोतेऱ्यासारखी लोखंडाला ओल देत राहते. म्हणून दर खेपेनंतर खराटा मारणे हे रंगापेक्षा महत्त्वाचे काम आहे. ऐनाच्या सालीने हौद्याचे लोखंड काळे पडते, तो मात्र गंज नव्हे. त्या सालीतले टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काळा थर धरते. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई होत असे ती याच गुणाने, आणि गंजावर लावण्याची जी तयार रसायने दुकानात मिळतात त्यांतील काहींत हेच टॅनिन असते.

खरे नुकसान होते ते पावसाळ्यात, गाडी उभी असताना. चालत्या गाडीला वारा आणि इंजिनाची ऊब मिळते. उभी गाडी चार महिने दमटपणा पीत बसते. जूनपूर्वी आमच्याकडे ठरलेली कामे होतात. डिझेलची टाकी काठोकाठ भरायची. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब धरते. ते पाणी तळाशी बसून टाकी कुजवते आणि पंपात गेले तर नोझल बिघडवते. टाकी भरण्याचे पैसे त्या महिन्यात जड जातात, तरी बाबा ती भरतात. मग आसांखाली चिरे लावून पाट्यांवरचा भार हलका करायचा. चेसिसला काळे ऑइल फासण्याची पद्धत आमच्याकडे आहे. त्याचा उपयोग होतो, पण ते रबरी नळ्यांवर उडाले की रबर फुगून मऊ पडते, आणि अंगणात गळलेले विहिरीकडे जाते. यावर्षी आम्ही ग्रीस वापरले. दर आठ-दहा दिवसांनी इंजीन सुरू करून गाडी दोन हात पुढेमागे घ्यावी लागते, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात.

ब्रेकविषयी मात्र तडजोड नाही. गाडीचा ब्रेक हवेच्या जोरावर चालतो. दाबलेल्या हवेतले पाणी टाकीच्या तळाशी साचते, आणि ते रोज संध्याकाळी खालची कळ उघडून सोडायचे असते. हे काम अर्ध्या मिनिटाचे, आणि आळसाने राहून जाते तेही हेच. पाणी साचत गेले की हवेची टाकी आतून सडते, व बाहेरून रंग शाबूत असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. लोखंडी नळ्या जेथे क्लिपेने चेसिसला धरलेल्या असतात, तेथे क्लिपेखालीच गंजतात. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा भार इंजिनावर असतो. पण साखरप्याकडे उतरताना मागे घाटावरून भरलेली साखर किंवा खत असले, तर सगळी मदार त्या नळ्यांवर असते.

नवी गाडी का घेत नाही, असे मला एका सरांनी विचारले होते. सरपणाचा हंगाम फार तर सात-आठ महिन्यांचा, आणि कर्जाचे हप्ते बारा महिन्यांचे. शिवाय हा धंदा किती दिवसांचा, हेही कोणी सांगू शकत नाही. मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. आमचे लाकूड मुंबईला जात नाही, पण वारा कोणत्या दिशेचा आहे ते कळते. दुसरीकडे, मुदतीपेक्षा जास्त भरून जुन्या गाडीतून पैसा काढावा म्हटले, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. दंड बाजूला ठेवला तरी म्हाताऱ्या चेसिसवर एक टन जास्त चढवणे म्हणजे पुढच्या वर्षाची कमाई आज खाणे होय.

जुन्या मालगाडीला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील गाड्यांचे हे शुल्क बरेच वाढवले, तेव्हा ते पैसे आधी बाजूला काढून उरलेल्यात दुरुस्ती बसवावी लागते. यंदा आमचे पासिंग मार्चअखेर आहे. हातोडीच्या परीक्षेत मागचा आडवा गर्डर बद्द वाजला. काकांचे म्हणणे, गाडी निरीक्षकासमोर न्यायची तर आधी रंग काढला पाहिजे. बाबांनी मेस्त्रींना विचारून यादी केली, आणि ती मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली : आडवा गर्डर नवा, चारही ड्रमांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या नव्या, हवेची टाकी काढून तपासणे. येथपर्यंत पैसे संपले. काकांच्या समाधानासाठी नंबरप्लेट नव्याने रंगवायची आणि मागे परावर्तक पट्ट्या चिकटवायच्या, एवढे ठरले आहे. दारावरचे भोक तसेच राहील.