ट्रॅक्टर ओढतो खरा, पण थांबवायचे कुणी?

दिवाळी सरली, कारखान्याचे बॉयलर पेटले, की ऊसपट्ट्यातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या ताब्यात जातात. दिवसा फडात मोळ्या भरायच्या, रात्री काट्यावर नंबर लावायचा, गव्हाणीपुढे ताटकळायचे आणि रिकामी गाडी घेऊन पहाटे पुन्हा फड गाठायचा. पैसे खेपेवर, त्यामुळे घाई सगळ्यांनाच. ‘एवढी खेप टाकून येतो’ म्हणून गेलेला माणूस परत आलाच नाही, अशी घरे ऊसपट्ट्यात धुंडाळावी लागत नाहीत.

हिशेब साधा आहे. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः भरतो दोन-सव्वादोन टन. मागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून ऊस जातो पंधरा-वीस टन. म्हणजे ओढणाऱ्याच्या सात-आठ पट वजन पाठीमागे. सपाटीला इंजिन हे ओझे बिनबोभाट ओढते, म्हणून मालकाला वाटते, गाडी पेलते आहे. पण ओढणे वेगळे आणि थांबवणे वेगळे. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो, ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. त्यात डिझेल वाचवायला गिअर काढून गाडी सोडायची सवय! ज्या गिअरात चढ चढला असता, त्याच गिअरात उतार उतरावा. आणि तो उतार लागण्याआधी टाकावा, मध्यावर नव्हे.

आणखी एक गोष्ट जुन्या ड्रायव्हरांनाही सांगावी लागते. शेतात वळताना एका बाजूचाच ब्रेक दाबता यावा म्हणून ट्रॅक्टरला दोन पेडल असतात. रस्त्यावर येताना ती कडीने जोडायची असतात. न जोडता घाईत एकावरच पाय पडला, की भरली गाडी झटक्यात एका अंगाला ओढली जाते. कडी लावायला लागतो क्षणभर वेळ.

हल्ली फोर व्हील ड्राइव्हचे ट्रॅक्टर बरेच आले आहेत. ओल्या फडातून, पाणंदीच्या चिखलातून भरली ट्रॉली बाहेर काढायला त्यासारखे साधन नाही. पूर्वी जिथे दुसरा ट्रॅक्टर पुढे जुंपावा लागे, तिथे आता एकात भागते. मात्र कोरड्या डांबरीवर पुढचा ड्राइव्ह काढून टाकावा, नाहीतर पुढचे टायर हंगामभरही टिकत नाहीत. मोठ्या उताराला तेवढा तो परत टाकावा, म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या चाकांनाही पोचतो. पण चार चाके फिरतात म्हणून एक ट्रॉली जादा जोडायची, हा हिशेब कुणी करू नये. चिखलात मिळालेली पकड उतारावर वीस टन थोपवून धरत नाही.

ट्रॉली जोडायची ती खालच्या ड्रॉबारलाच. ओढ जितकी वरून, तितके ट्रॅक्टरचे तोंड उचलते. चढाला पुढची चाके अधांतरी झाली, की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. मग कुणाला तरी बॉनेटवर बसवायचे, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यापेक्षा बंपरला लोखंडी वजने टाकावीत. दोनचाकी ट्रॉली भरताना भार आसाच्या किंचित पुढे यावा. मागे गेला तर हूक वर उचलला जाऊन ट्रॅक्टरची मागची चाके घसरतात. फार पुढे आला तर तोंड हलके होते. मोळ्या उंच रचल्या, की साइडपट्टीच्या खड्ड्यात एक चाक गेले तरी ट्रॉली कलंडते.

पिनीच्या जागी वाकवलेली सळई घालणारे महाभागही आहेत. चढावर ती मोडली, की मागची ट्रॉली उलटी धावते. पिनीला खालून खिळा आणि शेजारी साखळी, एवढी तरी काळजी हवीच.

सगळ्यात घातक म्हणजे रात्रीची उभी ट्रॉली. आस मोडतो, टायर फुटतो, ड्रायव्हर मिस्त्री आणायला जातो आणि काळोखात ऊस तसाच उभा. मोटारसायकलवाल्याला तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, फोटोही निघतात. पण लोंबणारी वाढी त्यांवर पडली की ते असून नसल्यासारखे. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी पट्टी, आणि भरून झाल्यावर ती दिसते का, हे स्वतः मागे जाऊन बघावे. चाकाला लावलेले दगड तर निघताना हमखास रस्त्यातच राहतात. ट्रॉली जाते, दगड राहतो, आणि तासाभराने त्यावर कुणाची तरी गाडी चढते. दगड उचलणे हे ड्रायव्हरचेच काम. तो म्हणेल ‘हमाल उचलंल’, तरीही.

आता मालकांसाठी. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो. टोळीतली बाया-पोरे उसावर बसून येतात, त्यांचे काही झाले तर विमा कंपनी हात वर करते. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून पडलेल्या एका मजुराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली विमा कंपनीची जबाबदारी मानली नाही. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. अशी वसुली निघाली तर ट्रॅक्टरच काय, रानही विकायची पाळी येते.

ग्रामपंचायतीने कारखान्याची वाट बघत बसू नये. गतिरोधकाला पांढरे पट्टे, पुलाच्या कठड्याला चुना, वळणावरच्या बाभळी तोडणे, साइडपट्ट्यांत मुरूम, ही कामे गळीत सुरू होण्याआधी उरकता येतात. ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी गावातल्या ट्रॉलीमालकांना एका संध्याकाळी चावडीवर बोलवावे आणि तिथेच ट्रॉल्या उभ्या करून पिना, साखळ्या, पट्ट्या बघाव्यात. टेपचा आवाज किती, तेही तेव्हाच ऐकून घ्यावे. मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही, तो त्यापायीच.