परतीची हमी

२०१० साली नेदरलंड्सच्या नायमेगेन शहरातले मेंदूविकारतज्ज्ञ बास ब्लूम यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. गृहस्थ ५८ वर्षांचे, पार्किन्सन्स जडून १० वर्षं झालेली. चालायला उठले की पाय जागच्या जागी थिजायचे. समोर कुणी पाऊल ठेवून दाखवलं तर तेवढ्या खुणेवर दोन-चार पावलं पडायची, मग तोल पुढे जायचा आणि माणूस कोसळायचा. याच गृहस्थांना सायकल दिली की ते पॅडल मारत, वळणं घेत आरामात रस्त्याला लागायचे. उतरले की पाय पुन्हा थिजलेले.

डॉक्टरमंडळींना याचं नवल वाटलं. ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा खुबा बदलला आहे, त्यांना मात्र यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. चालताना अंगाचा सगळा भार आळीपाळीने एकेका पायावर येतो; सायकलवर तो बैठकीवर जातो आणि पायांना फिरण्यापुरतंच काम उरतं. अडतं ते सुरुवातीला आणि शेवटी. टांग मारताना, सिग्नलला पाय टेकताना, उतरताना. पक्षाघातानंतर एक बाजू अशक्त झालेल्याला, कानातल्या दोषामुळे तोल जाणाऱ्याला, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्याला दोन चाकांची सायकल सोडावी लागते ती बहुधा याच ठिकाणी. चालत्या सायकलवर त्यांच्यातल्या पुष्कळांचं फारसं बिघडत नसतं.

युरोप-अमेरिकेत अशा लोकांच्या हाती गेल्या काही वर्षांत एक वाहन आलं आहे: रिकम्बंट ट्राइक, म्हणजे रेलून बसायची तीनचाकी, आणि आता बहुतेकदा बॅटरीवरची. आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे टेकून बसायचं, पाय समोर लांब करायचे आणि पुढच्या दांड्याच्या टोकाला बसवलेले पॅडल फिरवायचे. हँडल बैठकीच्या दोन्ही बाजूंना, हात खाली सैल सोडले की जिथे पोचतात तिथे. मनगटावर भार नाही, मान वर ताणायची नाही, आणि नेहमीच्या सीटखाली जो भाग दुखतो त्याचा तर प्रश्नच मिटतो. चेन पुढच्या पॅडलपासून थेट मागच्या चाकापर्यंत जाते. साध्या सायकलच्या दोन-तीन चेनी जोडाव्यात एवढी लांब.

प्रकार मुख्यतः दोन. टॅडपोलला पुढे दोन चाकं आणि मागे एक. ही बुटकी, वळणावर पक्की आणि वेगाला चांगली. डेल्टाला पुढे एक आणि मागे दोन. बैठक बहुधा उंच आणि बाजूने बसता येण्याजोगी, पण वेगात वळलं तर कलंडण्याची भीती जास्त. दुकानात गेलेला माणूस टॅडपोलच्या प्रेमात पडतो आणि ज्याला खुर्चीतून उठायलाच आधार लागतो तो शेवटी डेल्टा घेऊन घरी येतो, असं पुष्कळदा होतं. माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे.

या वाहनाचं कूळ मात्र दवाखान्यातलं नाही. स्वतःचे पाय चालत नव्हते म्हणून न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फमधल्या श्टेफान फार्फलर या घड्याळजीने १६५५ मध्ये हाताने फिरवायची तीनचाकी खुर्ची बनवली, हे खरं. पण आजच्या ट्राइकचा वंश तिथून येत नाही. तो येतो शर्यतींतून. पॅरिसच्या शार्ल मोशे यांनी मुलाला सायकल धोक्याची म्हणून पॅडलची चारचाकी गाडी करून दिली, आणि पुढे तिच्यातूनच रेलून चालवायची दुचाकी काढली. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर या दुय्यम दर्जाच्या शर्यतपटूने तिच्यावर बसून तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासून टिकून असलेला ऑस्कर एगचा विक्रम मोडला. दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकल कशाला म्हणायचं याचे नियमच असे बांधले, की रेलून चालवणारे शर्यतीबाहेर गेले. पन्नासेक वर्षं हे यंत्र हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये जगलं. १९८० च्या दशकात इंग्लंडच्या माइक बरोज यांनी ‘विंडचीता’ ही चपळ टॅडपोल घडवली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ख्रिस बोर्डमन ज्या लोटस सायकलवर सुवर्णपदक जिंकला, तिच्या आराखड्यामागचे बरोज हेच.

हे कूळ सांगायचं कारण आहे. ‘अपंगांसाठी’ म्हणून घडवलेल्या वस्तूंवर बहुधा एक करडी, सरकारी छटा असते. वापरणाऱ्याकडे पाहताच लोकांच्या चेहऱ्यावर कणव येते. ट्राइककडे पाहून लहान मुलं ‘मला एक चक्कर’ म्हणून मागे लागतात. डिसेंबर २०१३ मध्ये मारिया लायेरस्टॅम ही धडधाकट बाई अंटार्क्टिकाच्या कडेपासून दक्षिण ध्रुवापर्यंत सायकल चालवत पोचली, ती फॉलमथच्या आइस कंपनीने बनवलेल्या तीनचाकीवर. तिथल्या वाऱ्यात दोन चाकांवर तोल सांभाळण्यातच ताकद खर्च झाली असती. ज्याला घरापासून वाण्यापर्यंत तोल सांभाळणं जड जातं, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

तीन चाकांमुळे आणखी एक गोष्ट साधते, ती चढावर कळते. दुचाकी फार हळू झाली की पडते, म्हणून चढाला जोर लावावाच लागतो. तीनचाकी ताशी तीन किलोमीटरनेही चढते, मध्येच थांबते, दम खाते, पुन्हा निघते. गिअर हवा तेवढा हलका ठेवता येतो. रेलून बसल्यावर पॅडलवर उभं राहता येत नाही, म्हणून हलका गिअर ठेवावाच लागतो. जड गिअरमध्ये पाठीचा टेकू घेऊन रेटायला गेलं की गुडघे बोलायला लागतात.

आता मोटर. लोकांना वाटतं मोटर वेगासाठी. वेगाचा तर कायद्यानेच निकाल लावला आहे: युरोपात २५० वॅटची मोटर ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. अमेरिकेत ७५० वॅटपर्यंत मुभा आहे, पण तिथेही थ्रॉटलची गाडी मोटरवर ताशी ३२ किलोमीटरच्या आसपासच पळते. दुखणाईत माणसाला मोटर हवी असते ती परत येण्यासाठी. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सकाळी असलेली ताकद दुपारी असेलच असं नाही. अंग तापलं की पाय ढिले पडतात, दिसणं अंधूक होतं. जर्मन डॉक्टर विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवून ठेवलं आहे. असा माणूस घराच्या भोवतीच घिरट्या घालतो, कारण लांब जाऊन अर्ध्या वाटेत पाय संपले तर काय, ही धास्ती. ५०० वॅट-तासांची बॅटरी, किलोमीटरला १० ते १५ वॅट-तासांचा खर्च, म्हणजे तेहेतीस ते पन्नास किलोमीटर हाताशी. त्यातले निम्मे जाण्याचे धरले तरी पुढचं गाव आवाक्यात येतं. हृदयविकाराच्या रुग्णाला तीच मोटर वेगळ्या कामाला येते: डॉक्टरांनी नाडीची जी मर्यादा घालून दिली, तिच्या खाली राहायचं आणि चढ आला की मदत एक पायरी वाढवायची.

कुठली मोटर, हा प्रश्न मात्र दुकानदारावर सोपवू नये. काही मोटरी पॅडलवर किती जोर पडला हे मोजतात आणि त्या प्रमाणात मदत देतात. निरोगी माणसाला हे फार नैसर्गिक वाटतं. ज्याच्या पायांत जोरच कमी, त्याला मदतही कमी मिळते. म्हणजे गरजवंतालाच कात्री. दुसऱ्या प्रकारच्या मोटरी पॅडल फिरतंय की नाही एवढंच पाहतात. पाय नुसते फिरवले तरी पूर्ण मदत. झिजलेल्या गुडघ्यांना हा प्रकार मानवतो. पहिल्या प्रकारात आणखी एक मेख आहे: जोर मोजणारे काही स्वस्त सेन्सर फक्त डाव्या पॅडलवरचा जोर मोजतात. डावी बाजू लुळी पडलेल्या माणसाने अशी गाडी घेतली तर उजव्या पायाने कितीही रेटा, मोटर जवळजवळ गप्प.

पक्षाघात झालेला माणूस ट्राइकवर कसा बसतो हे एकदा जवळून पाहिलं म्हणजे या यंत्रातली खरी कारागिरी कुठे असते ते कळतं. आधी पार्किंग ब्रेक ओढायचा. तो विसरला तर बसता बसता गाडी मागे सरकते आणि माणूस जमिनीवर. मग गाडीकडे पाठ, चांगला हात बैठकीच्या बाजूच्या आधाराच्या दांड्यावर, आणि हळूहळू खाली. बैठक जमिनीपासून २५ सेंटीमीटरवर असेल तर हा प्रवास फार लांबचा. ५० सेंटीमीटरवर असेल तर साध्या खुर्चीइतकाच. मग अशक्त पाय हाताने उचलायचा आणि पोटरीला आधार देणाऱ्या साच्याच्या पॅडलमध्ये ठेवून पट्टा आवळायचा. सगळे ब्रेक चांगल्या हाताच्या एकाच मुठीत आणलेले, गिअरही त्याच बाजूला. गुडघा पुरता वाकत नसेल तर त्या बाजूचा क्रँक आखूड. काठी ठेवायला मागे खोबण. मान वळत नाही म्हणून दोन्हीकडे आरसे. फ्रँकफर्टजवळच्या क्रिफ्टेलमधली एचपी वेलोटेक्निक, रूर खोऱ्यातल्या वाल्ट्रोपमध्ये जुन्या कोळसा खाणीच्या इमारतींत चालणारी हाझे बाइक्स, नेदरलंड्समधली व्हान राम, या कंपन्यांचं नाव आहे ते निम्मं अशा सुट्या भागांमुळे. हाझेच्या ‘केटवीझेल’ मॉडेलच्या दोन गाड्या एकामागे एक जोडताही येतात. मागच्याने थकल्यावर नुसतं बसावं, पुढच्याने ओढावं.

साच्याचा आणि पट्ट्याचा विषय गमतीचा नाही. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेल्यांनी, आणि आपल्याकडे असे लोक घरोघरी आहेत, हे नीट ऐकावं. चालत्या टॅडपोलवर पाय पॅडलवरून निसटला तर तो जमिनीवर पडतो आणि पुढे जाणारी गाडी त्याच्यावरून जाते. पाय आडव्या दांड्याखाली दुमडून हाड मोडू शकतं. मोटर असेल तर गाडी आपोआप थांबेल असंही नाही. म्हणून निदान टाचेला अडवणारा पट्टा हवाच, नवख्यालाही आणि मुरलेल्यालाही.

तक्रारी आणखीही आहेत. मोटर आणि बॅटरीसकट गाडी तीसेक किलोची होते. ज्याला ती लागते त्यालाच ती उचलता येत नाही. बहुतेक गाड्यांना रिव्हर्स नसतो. भिंतीशी तोंड लागलं तर हाताने चाकं मागे फिरवायची, आणि खांदे दुखरे असतील तर कुणाची तरी वाट पाहायची. तीन चाकांची रेघ वेगवेगळी, त्यामुळे दोन चाकं वाचवलेला खड्डा तिसऱ्याला गाठतो. किंमत युरोपात मोटरसकट सहज पाच-सात हजार युरोंच्या पुढे जाते.

रस्ताही लागतो. गाडीची रुंदी ८० सेंटीमीटरच्या आसपास असते. इंग्लंडमध्ये २०२० साली सायकलमार्गांची जी नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत आखणीसाठी धरलेली सायकल २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे, आणि दोन खांबांमधलं अंतर दीड मीटर ठेवायला सांगितलं आहे. लंडनची ‘व्हील्स फॉर वेलबीइंग’ ही २००७ पासूनची संस्था अपंग सायकलस्वारांच्या वतीने नेमक्या अशाच मापांसाठी भांडत आली आहे. पुण्यात सायकल ट्रॅकच्या तोंडाशी मोटरसायकली शिरू नयेत म्हणून खांब रोवलेले दिसतात. मोटरसायकली तरीही शिरतात. ट्राइक मात्र नक्की अडकेल. शिवाय बुटक्या टॅडपोलच्या सांगाड्यापासून जमीन वीतभरही लांब नसते, आणि आपले गतिरोधक कुठल्याच मापाला बांधील नाहीत.

कायद्याची अडचण इथे नाही. केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी मोटरची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली आणि बॅटरी सोडून ६० किलोंपेक्षा हलकी गाडी मोटर वाहनात मोडत नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. अडचण आहे ती मधल्या माणसाची. ज्याचे पाय अजिबात चालत नाहीत त्याच्यासाठी कानपूरची अलिम्को १९७२ पासून आहे, हाताने फिरवायच्या आणि बॅटरीच्या तीनचाक्या आहेत. २०२१ मध्ये आयआयटी मद्रासच्या प्रयत्नांतून व्हीलचेअरला पुढून जोडायची ‘निओबोल्ट’ आली, तीही ताशी २५ किलोमीटरने जाते. ज्याचे पाय थोडे चालतात, ज्याला ते चालते ठेवायचे आहेत, ज्याच्या फिजिओथेरपिस्टने ‘पाय फिरवत राहा’ म्हणून बजावलं आहे, त्याला आपण घरातल्या स्टँडवरच्या सायकलवर भिंतीकडे तोंड करून बसवतो. दुसरी सोय करायची तर परदेशातून गाडी मागवायची, आणि भाडं-कर धरून तिची किंमत किती होईल ते विचारायचं नाही.

इथे बनवणं अशक्य आहे का? वीस इंची चाकं, डिस्क ब्रेक, हब मोटर, चेन, सगळं इथल्या बाजारात मिळतं. अवघड आहे ती पुढच्या दोन चाकांची भूमिती. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस खाली वाढवला तर टायर जमिनीला टेकतो त्याच बिंदूत यायला हवा. नाही आला तर एकाच बाजूचा ब्रेक दाबताच गाडी त्या बाजूला खेचली जाते, आणि एका हाताने चालवणाऱ्याला ती सावरत नाही. शिवाय वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, नाहीतर टायर घासत राहतात. यात गुपित काहीच नाही. अभियांत्रिकीच्या मुलांना हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकवतात, आणि दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत ती मुलं सरांच्या मागे फिरत असतात.