चित्रकला शिक्षकाच्या हाताखाली

चित्रकलेचा तास म्हणजे मुलांची मौज आणि शिक्षकाला विश्रांती, असा समज आपल्या पालकवर्गात अजूनही आढळतो. तो खरा की खोटा हे पाहायचे असेल तर एखाद्या चित्रकला शिक्षकाच्या हाताखाली महिनाभर काम करावे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका सरांकडे मी दोन वर्षे मदतनीस होतो. या विषयात शिकविणे कोठे अडते, ते येथे मांडतो.

प्रथम सामान. कोणाकडे ब्रश नाही, कोणाची रंगपेटी वाळून खडखडीत झालेली. सर सर्वांना लाल, पिवळा व निळा एवढेच रंग देत. हिरवा, नारिंगी, जांभळा मुलांनीच तयार करायचा. यात पैशांची बचत होतीच, पण रंगांचे ज्ञानही होते. (तिन्ही रंग एकत्र कालवले की चिखल होतो, हे मात्र न शिकविताच कळते!) चाळीस मुलांचे पाणी बदलण्यात किती वेळ जातो, याचा विचार वेळापत्रक करणाऱ्यांनी केलेला नसतो.

खरी अडचण वस्तुचित्रात येते. समोर तांब्या ठेवला, तरी मूल काढते ते दिसणारे नव्हे, तर ठाऊक असलेले. तांब्याचे तोंड गोल असते हे त्याला ठाऊक, म्हणून ते पुरता गोल काढते. तांब्या जमिनीवर सपाट बसतो हेही ठाऊक, म्हणून बूड सरळ रेघेने काढते. प्रत्यक्षात वरून पाहताना तोंड लंबगोल दिसते आणि बुडाची पुढची कड त्याहून अधिक वाकलेली दिसते. कारण बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असते. शिवाय जवळ बसलेल्याला तो लंबगोल फुगीर दिसतो, मागे बसलेल्याला चपटा. त्यामुळे फळ्यावर एकच आकृती काढून भागत नाही. शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या जागी, त्याच्या उंचीवर बसून पाहावे लागते. चाळीस मुले म्हणजे चाळीस बैठका!

अशा वेळी मदतनिसाचे हात शिवशिवतात. पेन्सिल घेऊन दोन रेघा सुधारून दिल्या की चित्र छान दिसते, पालकही खूश होतात. सरांची सक्त ताकीद असे, "त्याच्या कागदाला हात लावायचा नाही. दाखवायचे तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखव." परीक्षेच्या दालनात मूल एकटेच असते. म्हणून त्याला हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर तोंडाची रुंदी मोजायला सांगायचे आणि ती उंचीत किती वेळा बसते हे विचारायचे. विचारल्यावर गप्प राहणे हे माझ्या मते या कामातील सर्वांत कठीण अंग.

स्मरणचित्राची गोष्ट आणखी निराळी. विषय कोणताही असो, कागदावर दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, झोपडी आणि नारळाचे झाड! ज्यांनी डोंगर कधी जवळून पाहिला नाही, तीही हेच काढतात. आपली गल्ली, आपली माणसे चित्रात घेण्याजोगी नसतात, असे या वयातच त्यांच्या मनात बसलेले असते. ते काढून टाकणे हे तांब्याच्या लंबगोलापेक्षा फार अवघड. सरांनी 'नळावरची गर्दी' हा विषय दिला तेव्हा मुले हसली. मग त्यांनी एका मुलीला कमरेवर रिकामी कळशी घेऊन उभे केले, नंतर भरलेली. भरलेली घेताच तिचे अंग दुसऱ्या बाजूला कलले आणि मोकळा हात बाहेर गेला. पुन्हा काढलेल्या चित्रांतील बायका ठोकळ्यासारख्या उभ्या नव्हत्या. कळशीला वजन आले होते.

अशा वर्गात पंधरा मुलांमागे एक मदतनीस असला तरी शिक्षकाला प्रत्येकाजवळ बसता येते. पुढे आर्ट टीचर डिप्लोमा करू इच्छिणाऱ्या मुलामुलींनी हे काम जरूर करावे. त्या अभ्यासक्रमात वर्गापुढे उभे राहून पाठ घ्यावे लागतातच. त्याआधी पाणी बदलता बदलता मुलांच्या मागे उभे राहून पाहिलेले असेल, तर पुष्कळ उपयोग होतो.