पालघर जिल्ह्यातील धर्मनिहाय लोकसंख्या

धर्मनिहाय लोकसंख्येचा अभ्यास ही लोकसंख्याशास्त्राची एक शाखा होय. एखाद्या प्रदेशात कोणत्या धर्माचे किती लोक आहेत, ती संख्या कालांतराने कशी बदलली आणि का बदलली, याचा शोध या शाखेत घेतला जातो. धर्माची लोकसंख्या चार कारणांनी बदलते: जन्म व मृत्यू यांतील अंतर, स्थलांतर, प्रत्यक्ष धर्मांतर आणि नोंदीच्या पद्धतीतील फेरफार. यांपैकी चौथ्या कारणाचा सर्वसामान्य वाचकास सहसा विसर पडतो. उत्तर कोकणातील पालघर जिल्ह्यात ही चारही कारणे एकत्र आढळतात.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत या नावाचा जिल्हाच नाही. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा या आठ तालुक्यांचे आकडे एकत्र करूनच जिल्ह्याचे चित्र मिळते. त्यानुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे.

मोजणीची पद्धत

भारतात १८७२ पासून जनगणनेत धर्म विचारला जातो. ही प्रथा सार्वत्रिक नाही. फ्रान्स व अमेरिका या देशांच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न नसतो, तर इंग्लंड व वेल्समध्ये तो २००१ पासून ऐच्छिक स्वरूपात विचारला जातो. तेथे २०११ साली ५९.३ टक्के लोकांनी स्वतःस ख्रिस्ती म्हटले होते. २०२१ साली हे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले व ३७.२ टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असे उत्तर दिले. तेथील मोठा बदल हा धर्म सोडण्याचा आहे. भारतात तसे घडलेले दिसत नाही. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीय प्रौढांचे सर्वेक्षण केले. त्यात सुमारे ९८ टक्के लोकांनी आपण ज्या धर्मात वाढलो त्याच धर्मात आहोत, असे सांगितले.

भारतीय जनगणनेत प्रगणक बहुधा प्राथमिक शिक्षक असतो. कुटुंबप्रमुख जो धर्म सांगेल तोच त्याने लिहावयाचा असतो. नावावरून वा पेहरावावरून अनुमान करण्यास त्यास मुभा नाही. २०११ च्या अर्जात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व जैन या सहा धर्मांना क्रमांक होते आणि अन्य धर्माचे नाव अक्षरांत लिहावयाचे होते. दाराशी उभ्या असलेल्या प्रगणकास क्रमांक टाकणे सोपे व नाव लिहून घेणे कष्टाचे, ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही.

आदिवासी धर्माचा रकाना

वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया व दुबळा या जिल्ह्यातील प्रमुख जमाती होत. वारल्यांच्या देवमंडळात हिरवा, वाघदेव व धान्याची देवी कणसरी यांना मान आहे. लग्नचौकात पालघट देवी रेखाटली जाते आणि लग्नविधी धवलेरी ही स्त्री गाऊन पार पाडते. हा धर्म जनगणनेत कोणत्या नावाने नोंदवावा, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

ब्रिटिश अमलात अशा जमातींसाठी 'ॲनिमिस्ट', म्हणजे जडप्राणवादी, असा वर्ग होता. पुढे त्याचे नाव 'आदिम जमातींचे धर्म' असे झाले. मात्र हिंदू कोठे संपतो व जडप्राणवादी कोठे सुरू होतो, हे अधिकाऱ्यांनाही ठरविता येईना. १९२१ च्या जनगणनेचे मुंबई इलाख्याचे अधीक्षक सेजविक यांनी हा वर्ग बंद करून या लोकांची गणना हिंदूंत करावी, असे मत नोंदविले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच मतांचा आधार घेऊन आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटले. व्हेरिअर एल्विन यांची भूमिका याहून भिन्न होती. स्वातंत्र्यानंतर पुढे आदिवासी धर्माचा स्वतंत्र वर्ग राहिला नाही. अशा वेळी सारणीतील एका धर्माची संख्या घटून दुसऱ्याची वाढली, तरी पाड्यावरील पूजेत काही फरक पडलेला असेलच असे नाही.

२०११ साली देशात 'इतर धर्म' या वर्गात ७९ लाखांहून अधिक लोक होते; त्यांपैकी सुमारे ५० लाखांनी सरना व सुमारे १० लाखांनी गोंडी हे नाव लिहून दिले. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरना धर्मासाठी स्वतंत्र रकान्याचा ठराव संमत केला. याउलट धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशीही मागणी काही संघटना करतात. आजच्या कायद्यानुसार अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. दोन्ही मागण्यांचे समर्थक जनगणनेच्या त्याच आकड्यांचा आधार घेतात.

बौद्ध धर्मांतर

प्रत्यक्ष धर्मांतराने आकडे बदलल्याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मत्यागाची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २,४८७ होती. त्या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे २४ टक्क्यांनी वाढली. केवळ त्या वेगाने ही संख्या जेमतेम ३,१०० झाली असती. १९६१ साली ती २७,८९,५०१ भरली. अपेक्षित व प्रत्यक्ष संख्यांतील हे अंतर म्हणजेच धर्मांतर. नैसर्गिक वाढ वजा करून उरलेला भाग मोजण्याची ही रीत लोकसंख्याशास्त्रात सर्रास वापरली जाते, परंतु इतके स्वच्छ उत्तर ती क्वचितच देते.

तथापि याही आकड्यामागे कायद्याची छाया होती. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार हिंदू नसलेल्या व्यक्तीस अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नसे. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना ही तरतूद लागू झाली. मधली चौतीस वर्षे बौद्ध म्हणून नोंद करणे म्हणजे केंद्रीय सवलती गमावणे होते. त्यामुळे घरी बुद्धवंदना व कागदावर हिंदू, अशी स्थिती अनेक कुटुंबांत होती. जनगणना जवळ आली की 'धर्म बौद्ध लिहा' हे आवाहन आजही केले जाते, त्याचे मूळ येथे आहे.

२००१ ते २०११ या दशकात राज्यातील बौद्ध ५८,३८,७१० वरून ६५,३१,२०० झाले. ही वाढ सुमारे १२ टक्के आहे, तर राज्याची वाढ १६ टक्के होती. टक्का घटला म्हणून लोकांनी धर्म सोडला, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. लहान कुटुंब व नोंदीतील फरक यांचाही विचार करावा लागतो.

पालघर जिल्ह्यातील सोपारे येथे भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली प्राचीन स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. परंतु आजची बौद्ध वस्ती त्या प्राचीन परंपरेची अखंड वारसदार नसून १९५६ नंतरची आहे.

ख्रिस्ती व पारशी

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली व १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. वसईच्या सामवेदी, वाडवळ व कोळी ख्रिस्ती समाजाचे धर्मांतर मुख्यतः त्या पोर्तुगीज काळातील आहे. त्यानंतरची वाढ बहुतांशी जन्माने व स्थलांतराने झाली. चारशे वर्षांपूर्वीच्या धर्मांतरास आजच्या आकड्यांत शोधणे निरर्थक होय.

पारशांची गोष्ट घटीची आहे. परंपरेनुसार संजाण (आज गुजरात राज्यात) येथे ते प्रथम स्थिरावले आणि आक्रमणाच्या काळात त्यांनी पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातील बहरोट डोंगरावरील लेण्यांत बारा वर्षे जपला. देशातील पारशी १९४१ साली १,१४,८९० होते. २०११ साली ५७,२६४ उरले. उशिरा होणारे विवाह, अविवाहितांचे मोठे प्रमाण, अल्प जन्मदर आणि परधर्मीयांशी विवाह केलेल्या स्त्रियांच्या मुलांस समाजात न घेण्याची रूढी ही याची कारणे आहेत.

बोईसर-तारापूर

तारापूर अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले व बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा व अन्य राज्यांतून आले. जनगणनेत माणूस जेथे राहतो तेथे मोजला जातो; म्हणून एकाही व्यक्तीने धर्म न बदलता येथील धर्मनिहाय प्रमाण बदलू शकते. गावातील एखाद्या समाजाचा वाढलेला टक्का वाचताना कारखान्यातील भरती व चाळींतील भाडेकरू आधी पाहावे लागतात. चर्चेत मात्र पहिला संशय धर्मांतराचाच घेतला जातो.

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. स्वतंत्र जिल्हा म्हणून पालघरची ही पहिलीच जनगणना असेल. त्यामुळे तिच्या आकड्यांची २०११ शी तुलना करताना जुन्या ठाणे जिल्ह्याची नव्हे, तर वरील आठ तालुक्यांची बेरीज घ्यावी लागेल.