पाहुण्यांचा कुत्रा आणि शेळ्यांचा गोठा

जूनच्या आगेमागे काजवे पाहायला आणि पुढे धबधबे पाहायला भंडारदऱ्याला माणसांची रीघ लागते. काही मंडळी मोटारीतून आपला कुत्राही आणतात. मग कळसूबाईची १,६४६ मीटर उंची गाठायची, तर त्याचे काय करायचे? समजा, तुमच्या घरच्यांनी ठरवले, की असे कुत्रे फिरवून आणायचे, रात्री घरी ठेवून घ्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. जोडधंदा चांगला आहे. पण दुसऱ्याचा जीव आपल्या हवाली असतो. तेव्हा थोडे विज्ञान आधी पाहू.

प्रथम फिरवणे. २० किलोग्रॅमचा कुत्रा माकड पाहून सेकंदाला ५ मीटर वेगाने झेपावला. त्याचा संवेग झाला १०० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. साखळी ताठ होऊन तो ०.१ सेकंदात थांबला, तर सरासरी १,००० न्यूटन बल लागते. म्हणजे १०० किलोचे पोते लटकवल्यासारखेच! तोच हात पुढे जाऊ देऊन थांबायला अर्धा सेकंद लावला, तर बल २०० न्यूटनवर येते. चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता, त्याचे कारणही हेच. म्हणून साखळी मनगटाला गुंडाळू नका. पट्टा रुंद आणि छातीवरून घेतलेला असावा, म्हणजे दाब मानेवर येत नाही.

हे झाले दिवसाचे. खरा प्रश्न अंधार पडल्यावर सुरू होतो.

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्या राहू लागला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतीच्या पट्ट्यात बिबट्या काय खातो, याचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. पद्धत साधी आहे. बिबट्याची विष्ठा गोळा करायची, तिच्यातले केस धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. केसाच्या गाभ्याची नक्षी प्राण्यागणिक वेगळी असते, त्यावरून भक्ष्य ओळखू येते. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव प्राण्यांचे निघाले. त्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के. गंमत अशी, की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या!

असे का? उत्तर वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

शेळीमागे दिवसा राखणदार असतो आणि रात्री ती बंद गोठ्यात जाते. कुत्रा मात्र अंगणात उघड्यावर असतो. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. भंडारदऱ्याच्या घरांमागे अभयारण्याचे रान आहे आणि त्या रानातही बिबट्या आहे. पाहुण्यांच्या कुत्र्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तेव्हा त्याला शेळीसारखे आत घ्यायचे.

पण नुसत्या पत्र्याच्या खोलीत कोंडून चालणार नाही. कुत्र्याला पंजांचे तळवे सोडले, तर घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून थंड होतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता निघून जाते. दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते. म्हणून एक झरोका खाली आणि एक छपराजवळ ठेवा. ऊन हवा वरून बाहेर जाते, गार हवा खालून येते. दोन्ही झरोक्यांना मजबूत लोखंडी जाळी हवीच.

रेबीजची लस टोचल्याचा दाखला पाहिल्याशिवाय कुत्रा ठेवून घेऊ नका. त्याला बाहेर न्यायचे ते दिवेलागणीच्या आत आणि मग उजाडल्यावरच. उरलेली भाकरी अंगणाबाहेर टाकू नका. तिच्यावर गावची कुत्री जमतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या येतो.