काळ्या जमिनींतील काँक्रीटचें घर

आपल्याकडे गांवाचे दोन भाग पूर्वींपासून मानिलेले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची. महसुली कागदांत पुढें गावठाण हा शब्द रूढ झाला, तरी जुनीं माणसें पांढरीच म्हणतात. ह्या विभागणींत शेजार व संरक्षण ह्यांची सोय तर होतीच. परंतु जी जमीन कापूस व ज्वारी उत्तम देते ती घराचा भार धड धरीत नाहीं, हा अनुभवही त्यांत असावा असें आम्हांस वाटतें.

अलीकडे पुष्कळ खातेदार विहिरीशेजारीं, ऐन काळींत, राहण्याचें घर बांधूं लागले आहेत. गुरें व मोटार-पंप ह्यांवर नजर राहते, जाण्यायेण्याचा वेळ वांचतो. ह्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु बांधण्याची तऱ्हाही त्याच वेळीं बदलली. जुन्या माळवदाच्या घरांत छपराचा भार लांकडी खांबांवर असे व मातीची भिंत थोडी हलली तरी लिंपून घेतां येई. काँक्रीट व विटा ह्यांस असें हलणें सोसत नाहीं. तीं वांकत नाहींत, तडकतात. आयुष्याची शिल्लक घालून बांधलेल्या घरास तिसऱ्याच वर्षीं खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग पडावी, ह्यासारखें दुःख थोडें. मग सिमेंट खोटें होतें किंवा गवंडी लबाड होता, असें ठरविलें जातें. आम्ही नोकरींत असतां पडझडीचे पंचनामे पुष्कळ पाहिले; ‘कारण’ ह्या रकान्यांत बहुधा ‘पावसानें भिंत पडली’ एवढेंच असावयाचें. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. पाऊस सर्वांच्या घरावर सारखाच पडतो.

खरें कारण पायाखालीं असतें. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन जी माती बनली तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें अतिसूक्ष्म पापुद्र्यांचें द्रव्य असतें. पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते, पाणी निघून गेलें कीं आक्रसते. उन्हाळ्यांत शेतांतील भेगेंत काठी सहज गडप होते, हें वाचकांस सांगावयास नकोच. जी हालचाल शेतांत उघड दिसते तीच घराखालीं झांकलेली चालू असते, आणि सर्वत्र सारखी नसते, हीच अडचण. घराच्या मध्यभागीं ऊन व वारा लागत नसल्यानें ओल टिकून राहते. कडेची माती मात्र वैशाखांत सुकून खचते व आषाढांत फुगून उठते. म्हणजे सारें घर एका पातळींत वरखालीं न होतां कोपरे हलतात व मधला भाग तसाच राहतो. शिवाय हलक्या एकमजली घरास येथें जड इमारतीपेक्षां अधिक भय असतें, कारण फुगणाऱ्या मातीस दाबून धरण्याइतका भार त्याच्या अंगीं नसतो.

आपली माती किती फुगते हें अजमावण्याची रीत सोपी आहे. पायाच्या खोलीवरील माती वाळवून, कुटून, बारीक चाळावी. प्रत्येकीं १० ग्रॅम माती आंकड्यांच्या खुणा असलेल्या १०० मिलिलिटरच्या दोन कांचनळ्यांत घालावी; एकींत पाणी व दुसरींत रॉकेल ओतावें, ढवळून हवेचे बुडबुडे काढावे आणि २४ तास ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. रॉकेलांत थर १० खुणांपर्यंत व पाण्यांत १६ पर्यंत आला, तर फुगवटा शेंकडा ६० झाला. शेंकडा ५० च्या आंत असल्यास चिंता थोडी. त्यावर असल्यास सावध व्हावें, आणि १०० च्या वर गेल्यास जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यावांचून कुदळ मारूं नये.

पायासाठीं पहिला प्रश्न हा कीं, मुरूम किती खोल आहे. चार-पांच फुटांवर घट्ट मुरूम लागत असेल तर काळी सर्व काढून पाया त्यावरच टेकवावा. येथें काटकसर करणें म्हणजे बियाणें वांचवून शेत नांगरण्यासारखें आहे. मुरूम फार खोल असेल तर दोन मार्ग आहेत. एक, काळी माती कांहीं खोल काढून तिच्या जागीं न फुगणारा, पण थोडा चिकटपणा असलेला मुरूम सुमारें १ मीटर भरणें. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक रा. कृ. कट्टी ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अशा थराचा पुष्कळ अभ्यास केला व हा थर खालच्या मातीची उचल आवरतो असें दाखविलें. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनीं, बेताचें पाणी मारून, धुमसानें चोपावा. ट्रॉली उलटून वरून चाकें फिरविणें म्हणजे भराव नव्हे. मुरमाऐवजीं नुसती वाळू भरण्याचा जो प्रघात कित्येक ठिकाणीं पडला आहे तो आम्हांस पसंत नाहीं. भोंवतालीं काळी माती असतां वाळूचा चर हा पाणी सांठविण्याचा हौदच होतो, व तें पाणी पायास वर्षभर पाजलें जातें.

दुसरा मार्ग, तळाशीं कांद्यासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, ज्यांस अंडर-रीम पाइल म्हणतात. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें ते प्रचारांत आणिले व १९८० सालच्या भारतीय मानकांत त्यांची रीत दिलेली आहे. खांब साधारणतः साडेतीन मीटर खोल जातात, कारण त्याखालीं ऋतूप्रमाणें ओल फारशी बदलत नाहीं. आणि फुगवटा खांबाच्या जाडीच्या अडीचपट असल्यानें वरची माती फुगली तरी खांब उपटला जात नाहीं. खांबांवरील तुळई जमिनीस टेकवूं नये. तिच्याखालीं सुमारें तीन इंच पोकळी ठेवावी. पुष्कळ गवंडी ‘पोकळी कशाला?’ म्हणून ती मातीनें चोंदून टाकतात, आणि खांबांवर केलेला सर्व खर्च तेथेंच वायां जातो.

ह्या दोहोंपेक्षां स्वस्त, आणि म्हणूनच दुर्लक्षित, असा उपाय म्हणजे घराभोंवतीं पाणी खेळूं न देणें. जोत्यालगत चारी बाजूंस चार-पांच फूट रुंद फरशी किंवा कोबा बाहेर उतार देऊन करावा. मोरीचें पाणी नळीनें दूर न्यावें. गुरांचा हौद, नळाचा ओटा, केळीचें आळें हीं भिंतीस लागून असूं नयेत. त्या एका कोपऱ्यास बारमहा ओल मिळते व बाकीचे कोपरे कोरडे राहतात. मोठें झाड तर वाढल्यावर जितकें उंच होईल तितकें तरी घरापासून दूर असावें, कारण तें मुळांनीं ओल शोषून त्या बाजूची माती सुकवितें.

आतां जमिनीवरचें काम. खालीं पाण्याची ये-जा आम्हांस नको आहे. वर मात्र नेमकें उलट, तेथें पाणी टिकवावयाचें आहे. काँक्रीट वाळून घट्ट होतें अशी पुष्कळांची समजूत आहे, ती चुकीची होय. सिमेंटाचा पाण्याशीं रासायनिक संयोग होऊन तें घट्ट होतें, व हा संयोग कित्येक दिवस चालतो. मध्येंच पाणी उडालें तर काम तेथेंच थांबतें.

शेतकऱ्याची अडचण अशी कीं, कापसाचे पैसे हातीं येऊन, सामान जमून, मजूर मोकळे होईपर्यंत चैत्र उजाडतो. म्हणून स्लॅब भर वैशाखांत, अकोला किंवा चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतां पडतो, आणि विहिरींचें पाणी त्याच वेळीं तळास गेलेलें असतें. आमचें मत विचाराल तर पाया व स्लॅब दोन्ही दिवाळीनंतर माघापर्यंत उरकावे. तेव्हां जमीन फार ओली नसते, फार सुकलेलीही नसते, व हवा थंड असते. त्यासाठीं एक हंगाम थांबावें लागलें तरी थांबावें.

थांबणें शक्यच नसेल तर पहांटे अथवा दिवस कलल्यावर काम धरावें. उन्हांत तापलेली काळी खडी हातांत धरवत नाहीं; तीच सिमेंटांत घातली तर माल घमेल्यांतच आवळूं लागतो. खडीवर आदल्या दिवसापासून पाणी शिंपावें, सळया व सेंट्रिंग भिजवून घ्यावें, पाण्याचें पिंप सावलींत ठेवावें. ओततांना काँक्रीटची उष्णता ४० अंशांवर नसावी असा मानकाचा दंडक आहे. माल आवळूं लागला कीं मजूर त्यांत आणखी पाणी ओततात. मालकानें उभें राहून अडवावयाची गोष्ट हीच. घरकामाच्या नेहमींच्या, एम-२० म्हणविल्या जाणाऱ्या, मिश्रणास ५० किलोच्या एका गोणीमागें ३० लिटरपेक्षां अधिक पाणी लागत नाहीं, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. जास्तीचें पाणी पुढें उडून जातें व मागें सूक्ष्म छिद्रें ठेवतें. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांतील वाचकांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, जें पाणी जिभेस खारट लागतें तें काँक्रीटांत घालूं नये व त्यावर मारूंही नये. क्षारानें सळया गंजतात.

पृष्ठभाग सारखा होतांच तो ओल्या गोणपाटानें झांकावा. दुसऱ्या दिवशीं वाफे पाडून पाणी बांधावें. कोरड्या व कडक हवेंत साध्या सिमेंटास निदान १० दिवस, आणि पीपीसी म्हणून जें मिश्र सिमेंट बहुधा मिळतें त्यास १४ दिवस पाणी हवें. ह्याचा हिशेब आधीं मांडावा. ३० फूट लांब व ३० फूट रुंद स्लॅब म्हणजे सुमारें ८४ चौरस मीटर. दोन इंच पाणी बांधण्यास ४,२०० लिटर लागेल. पुढें रोज एक सेंटिमीटर पाणी उडतें असें धरिलें तर दिवसाला ८४० लिटर, आणि १४ दिवसांत ११,७६० लिटर. एकूण १६,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे तीन टँकर व वर थोडें. एवढ्या पाण्याची तजवीज झाल्याशिवाय स्लॅबाचा दिवस ठरवूं नये. तीन दिवस पाणी मारून चौथ्या दिवशीं ‘विहीर आटली’ म्हणणाऱ्याचें सिमेंट कितीही उत्तम असलें तरी उपयोग नाहीं.

ज्यांचें घर आधींच तडकलें आहे त्यांनीं भेग कोणती हें आधीं पाहावें. स्लॅबाच्या अंगावर पहिल्या एक-दोन दिवसांतच उमटलेल्या बारीक रेघा बहुतेक उन्हावाऱ्याच्या असतात. सळईच्या रेषेंत तांबूस डाग घेऊन आलेली भेग गंजाची. आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरकी निघून ऋतूप्रमाणें रुंद व अरुंद होणारी भेग जमिनीची. ह्या तिसरीच्या टोंकाशीं पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी व तिच्यावर कांचेची पट्टी प्लास्टरनें आडवी चिकटवावी. पट्टी फुटली कीं हालचाल चालू आहे असें समजावें. अशी भेग उन्हाळ्यांत सिमेंटानें भरूं नये, कारण पावसाळ्यांत ती मिटूं पाहते, तेव्हां भरलेला माल पाचरीसारखा आड येतो व शेजारीं नवी भेग काढतो. प्रथम मोरी, हौद व उतार सुधारावेत, मग एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊं द्यावा, आणि खुणा पुढें सरकेनाशा झाल्यावर गवंड्यास बोलवावें.